तीन लाखांच्या सीड मनीत नेमके काय तपासावे

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका आणि तेथून ३५ किलोमीटरवरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे त्यांचे सहकारी यांनी मिळून एक प्रश्न विचारला आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे पतंग आपोआप मोजणारा कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा सापळा, तयार करण्यासाठी त्यांच्या संस्थेने एका वर्षाकरिता ३ लाख रुपयांची सीड मनी, म्हणजे संशोधनाच्या सुरुवातीसाठीचे लहान अनुदान, देऊ केली आहे. प्रस्ताव कसा लिहावा, पैसे दोन विभागांत कसे वाटावेत, पुढे मोठे अनुदान कोठून मिळेल आणि सापळा चाललाच नाही तर काय, असे त्यांचे विचारणे आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस आहे. २७ वर्षे शिकवले, त्यातच जैवविज्ञान आणि अभियांत्रिकी यांच्या सीमेवरची काही कामे केली, आणि नंतर अशा लहान अनुदानांच्या छाननी समित्यांवर बसलो. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

मृगाच्या आधी आपल्याकडचा कास्तकार घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती तपासतो. पोत्याच्या वरून, मधून, खालून दाणे काढून त्यातले १०० मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे आणि आठवड्याने कोंब मोजायचे. ७० किंवा त्याहून अधिक उगवले तर ते बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरायचे. थोडे कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे. फारच कमी उगवले तर ते पोते पेरणीसाठी वापरायचे नाही. या चाचणीतून कोणतेही पीक हाती येत नाही, पण दुबार पेरणी टळते. सीड मनीतले ‘सीड’ मी या अर्थाने घेतो. तीन लाखांत तुम्ही सापळ्याची पेरणी करायची नाही. सापळ्याच्या कल्पनेची उगवणशक्ती तपासायची आहे.

छाननीत आलेले बहुतेक प्रस्ताव याच ठिकाणी चुकतात. मोठ्या प्रकल्पाचा आराखडा घ्यायचा, त्यातील प्रत्येक शीर्षाला दहाने भागायचे आणि खाली ३ लाखांची बेरीज मांडायची, अशी ती पद्धत असते. त्यात थोडी यंत्रसामग्री असते, थोडी रसायने, एक कार्यशाळा, थोडा प्रवास. वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र जाते आणि कपाटात एक अर्धवट जोडलेली पेटी उरते. विद्यापीठे आणि स्वायत्त महाविद्यालये यांच्या नॅक मूल्यांकनात, म्हणजे राष्ट्रीय पातळीवरच्या दर्जातपासणीत, शिक्षकांना सीड मनी दिली का, हा स्वतंत्र निकष आहे; त्यामुळे पैसे देण्याची सोय झाली हे चांगले झाले, परंतु त्या पैशांतून कोणता प्रश्न सुटला हे विचारण्याची सवय अजून पुरेशी रुजलेली नाही. ती सवय तुम्हाला स्वतःला लावून घ्यावी लागेल.

दोन शाखांच्या मधल्या कामात सर्वांत कच्चा असतो तो सांधा. हे मी किंमत मोजून शिकलो. ट्रायकोडर्मा ही मातीतील रोगकारक बुरशीवर वाढणारी उपयुक्त बुरशी शेतकरी गटांना गावातच तयार करता यावी, म्हणून मी आणि यंत्र अभियांत्रिकीतील माझे एक मित्र यांनी एक लहान वाळवणी यंत्र तयार करायला घेतले. विक्रीयोग्य ट्रायकोडर्मा भुकटीत ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत वसाहती असाव्या लागतात आणि ओलावा ८ टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही. मित्राने पहिल्याच बैठकीत विचारले, “तापमान किती ठेवायचे?” मी म्हणालो, “कमी ठेवा, जिवंत माल आहे.” त्यांनी वहीत ‘कमी’ असे लिहून घेतले. धान्य आणि मिरची वाळवणाऱ्या माणसाच्या लेखी कमी म्हणजे ६० अंश. माझ्या मनात ३५ होते. पाच महिन्यांनी यंत्र आले. हवेचा झोत सगळ्या ट्रेवर सारखा लागत होता, जोडकाम सुबक होते, आणि भुकटी तर इतकी कोरडी निघाली की चिमटीतून सरसर सांडत होती. ओलावा ६ टक्के. मी ती भुकटी पेट्री डिशमध्ये टाकली आणि तिसऱ्या दिवशी पाहिले तर माध्यम स्वच्छ होते, एकही वसाहत नव्हती. आम्ही अनुदानाचे १ लाख ८० हजार रुपये खर्च करून बुरशी भाजण्याचे यंत्र केले होते. ३५ अंशांवर ८ टक्के ओलावा गाठायचा तर हवा आधी कोरडी करावी लागते आणि ते यंत्र मुळातच वेगळे असते. हे कळायला ५ हजार रुपये, एक साधा पंखा, एक तापमापी आणि तीन दिवस पुरले असते. ते तीन दिवस आम्ही एकत्र काढले नाहीत, याची खंत मला अजून आहे.

म्हणून प्रस्तावाचे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी तुम्ही दोघांनी एक रात्र कपाशीच्या वावरात काढावी. सापळे लावा आणि पहाटे टॉर्चच्या उजेडात हाताने मोजा. इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी स्वतः मोजावे; बाईंनी मोजून त्यांना आकडा सांगू नये. चिकट पत्र्यावरचा पतंग धुळीच्या रंगाचा, जेमतेम एक सेंटिमीटरचा असतो. बोट लावले तर पंखांवरची खवल्यांची पूड राखेसारखी बोटाला येते. हीच पूड चार रात्रींत संवेदकाच्या काचेवर बसणार आहे. ती एकदा बोटाला लागली की सापळ्याच्या आराखड्यात काच पुसण्याची सोय आपोआप येते. ग्रंथालयात बसून वाचलेल्या लेखातून ती येत नाही.

आता प्रश्न कसा मांडावा ते पाहू. तुमच्या टिपणात उद्दिष्ट असे लिहिले आहे: “गुलाबी बोंडअळीच्या पतंगांची स्वयंचलित व अचूक गणना करणारी यंत्रणा विकसित करणे.” हे उद्दिष्ट तीन लाखांचे नाही, आणि ते नवीनही नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा कामगंध सापळा तयार केलेला आहे. त्यांच्याकडे कीटकशास्त्रज्ञांची फळी आहे, प्रक्षेत्र आहे, वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. तुम्ही त्यांच्याशी स्पर्धा करू नये. उलट प्रस्ताव लिहिण्यापूर्वी तिथे जाऊन यावे आणि मोबाइलचे नेटवर्क न पोहोचणाऱ्या, कोरडवाहू, दोन-तीन एकरांच्या वावरात कोणता प्रश्न शिल्लक आहे ते समजून घ्यावे.

‘अचूक’ या शब्दाचा अर्थही शेतातूनच ठरतो. गुलाबी बोंडअळीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी एका सापळ्यात एका रात्री ८ पतंग, आणि तेही सलग तीन रात्री, अशी धरली जाते. त्या पातळीवर कास्तकाराने फवारणीचा निर्णय घ्यायचा असतो. मग प्रत्यक्षात ४० पतंग असताना तुमच्या पेटीने ५२ दाखवले तर निर्णयात काहीच फरक पडत नाही. प्रत्यक्षात ५ असताना ९ दाखवले, आणि तसे तीन रात्री दाखवले, तर विनाकारण एक फवारणी होते. ११ असताना ६ दाखवले तर अळी बोंडात शिरून बसते आणि मग फवारणीचा उपयोग राहत नाही. तेव्हा एकूण टक्केवारीतील अचूकता ही तुमची कसोटी नाही. ५ ते १२ या अरुंद पट्ट्यात पेटीचा निर्णय माणसाच्या मोजणीशी जुळतो का, हीच खरी कसोटी आहे. अभियंत्याला हा पट्टा माहीत नसतो आणि कीटकशास्त्राच्या माणसाला संवेदकाची चूक कोठे वाढते हे माहीत नसते. दोघांना एकत्र बसवण्यासाठीच हे पैसे आहेत.

मी असतो तर प्रस्तावाचा प्रश्न असा लिहिला असता: “पतंगांची संख्या ८ च्या आसपास असताना, सलग २१ रात्री आणि सहा ठिकाणी, पेटीची नोंद आणि पहाटेची हातमोजणी यांवरून घेतलेला फवारणीचा निर्णय किती वेळा सारखा येतो?” या प्रश्नाला उत्तर आहे, ते एका हंगामात मिळते, आणि ‘नाही’ असे उत्तर आले तरी ते कामाचे आहे. २१ रात्री घेण्यामागे कारण आहे. सापळ्यातील ल्यूर, म्हणजे पतंगांना ओढणारी गंधाची गोळी, साधारण तीन-चार आठवड्यांनी बदलावे लागते. त्याच्या आत मोजणी उरकली तर गंध ओसरल्यामुळे पडलेला फरक आणि यंत्राच्या चुकीमुळे पडलेला फरक यांची गल्लत होत नाही.

हा प्रश्न माझ्यासाठी केवळ संख्याशास्त्राचा नाही. आपल्याकडे २००२ मध्ये बोंडअळीला प्रतिकार करणारी बीटी कपाशी आली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले, आणि तरीही २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. तुमच्या पेटीने चुकीचा इशारा दिला तर एक माणूस पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या कपाशीत पुन्हा एकदा शिरतो. समितीसमोर हे एवढ्या थेट शब्दांत सांगावे. ते सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

सांध्यावर काय घडते याचे एक उदाहरण देतो. मी मार्गदर्शन केलेल्या एका विद्यार्थिगटाने सापळ्याच्या नरसाळ्यात अवरक्त किरणांचा संवेदक बसवला होता. किरण तुटला की एक पतंग मोजला जाई. एका पहाटे पडद्यावर ३१ चा आकडा होता आणि आत पतंग निघाले ११. मुलांनी दोन दिवस प्रोग्रॅम तपासला, वायरिंग तपासले. तिसऱ्या दिवशी झाकण उघडले तर नरसाळ्याच्या काठाला एक पाल चिकटून बसलेली होती. आयते खाद्य मिळत असल्याने ती तिथेच राहायला आली होती आणि तिच्या शेपटीच्या प्रत्येक हालचालीला एक पतंग नोंदला जात होता. त्या गटातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीने मग दोन गोष्टी सुचवल्या. पतंग रात्री सापळ्याकडे येतात, म्हणून दिवसाच्या उजेडातील नोंदी आपोआप वगळाव्यात. आणि पतंग किरणातून क्षणात जातो, म्हणून किरण जास्त वेळ तुटलेला राहिला तर ती नोंद धरू नये. मुंग्या, माश्या आणि पाल या तिघांचा बराचसा बंदोबस्त एकही नवा सुटा भाग न घेता झाला. कीटकाच्या सवयीतून आलेली एक ओळ प्रोग्रॅममध्ये गेली आणि महागड्या कॅमेऱ्याची गरज टळली.

अशी उदाहरणे आपल्या भागात आधीपासून आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास चालतात ते मोजावे लागते. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० ही सीमा धरतात. परंतु गावातील दाईंना तेवढी मोजणी येत नव्हती. तेव्हा एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकते मणी असलेले साधे उपकरण तयार झाले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि वाळू संपेपर्यंत ठरलेल्या मण्यापर्यंत पोहोचलो तर बाळ आजारी समजायचे. त्यात वैद्यकशास्त्र आहे, रचनाशास्त्र आहे आणि वापरणाऱ्या बाईच्या हाताची समज आहे. तुमच्या पेटीवरही नुसता आकडा दाखवण्याऐवजी सलग तीन रात्री पातळी ओलांडल्यावरच लाल दिवा लागावा, असे मला वाटते. आकडा नोंदवहीसाठी आत राहू द्या.

आता पैशांकडे येतो. ‘दोन विभागांत कसे वाटावेत’ हा प्रश्नच मला मान्य नाही. दीड-दीड लाख वाटून घेतले की दोन लहान प्रकल्प होतात आणि सांधा कोणाच्याच खात्यात राहत नाही. खाते एक ठेवावे, दोघेही समान दर्जाचे प्रमुख संशोधक असावेत, आणि प्रत्येक खर्चासमोर ‘हा खर्च २१ रात्रींच्या कोणत्या नोंदीसाठी’ हे लिहिता आले तरच तो करावा. लॅपटॉप, प्रिंटर, टेबल यांना या निकषावर जागा मिळत नाही.

पगारी संशोधन साहाय्यक नेमण्याचा विचार मनात असेल तर हिशेब पाहा. केंद्र सरकारच्या १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार कनिष्ठ संशोधन अधिछात्राला दरमहा ३७,००० रुपये मिळतात. वर्षाचे ४,४४,००० झाले, घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे तुमचे सगळे अनुदान नऊ महिनेही पुरणार नाही. त्याऐवजी एमएस्सीचा एक आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक असे दोन विद्यार्थी त्यांचा प्रकल्प म्हणून या कामावर घ्यावेत आणि त्यांना दहा महिने दरमहा अडीच हजार मानधन द्यावे; ते ५०,००० झाले. सहा पेट्यांचे सुटे भाग, सौर पट्टी, बॅटरी आणि आवरण यांना ७५,००० ठेवावेत. पहाटेच्या मोजणीसाठी गावातीलच दोन तरुणांना रोजी ३०० रुपयांप्रमाणे ६० दिवस, म्हणजे ३६,००० लागतील. २१ रात्रींसाठी ६० दिवस यासाठी की पाऊस, सणवार आणि बिघाड यांनी सलग मोजणी मध्येच तुटते आणि नवे ल्यूर लावून पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरुवात करावी लागते. प्रवासाला ४०,०००, सापळे व ल्यूर यांना १५,०००, आणि ज्यांच्या वावरात पेट्या लावणार त्या सहा कास्तकारांना प्रत्येकी २,००० रुपये. हे शेवटचे शीर्ष सहसा कोणी घालत नाही. त्यांच्या धुऱ्यावरून तुम्ही दोन महिने पहाटे ये-जा करणार, त्यांचा वेळ घेणार. त्याचे मोल कागदावर यायला हवे.

उरलेल्यांपैकी ४५,००० रुपये दुसऱ्या आवृत्तीसाठी बाजूला ठेवावेत आणि त्यांना पहिल्या सहामाहीत हात लावू नये. पहिली पेटी चालणार नाही, हे मी खात्रीने सांगतो. ती कोणत्या कारणाने चालली नाही हे कळेपर्यंत पैसे संपलेले असतात आणि म्हणून उत्तम कल्पना पहिल्याच बिघाडापाशी मरतात. राहिलेले २७,००० किरकोळ खर्च आणि कीटक-ओळखीसाठी बाहेरच्या तज्ज्ञाची मदत यांना पुरतील. एखाद्या समितीने दुसऱ्या आवृत्तीच्या शीर्षावर आक्षेप घेतला तर ट्रायकोडर्माची माझी गोष्ट खुशाल सांगावी.

वेळापत्रकाची अडचण याहून मोठी आहे. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते आणि कपाशीचे जूनपासून. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी पाते-फुले धरू लागली की सापळे लावायचे, सप्टेंबरपासून पतंग वाढतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबर हा तुमचा खरा काळ. मंजुरीचे पत्र ऑगस्टमध्ये आले, दरपत्रके मागवून खरेदीला दोन-तीन महिने गेले, की पेट्या हाती येतात तेव्हा वावरात पऱ्हाट्या उभ्या असतात. मग ३१ मार्चपूर्वी खर्च दाखवण्याची घाई होते. यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की, प्रस्तावातच मुदत ‘मंजुरीपासून १८ महिने, अतिरिक्त निधीविना’ अशी मागून घ्यावी आणि कारण म्हणून कपाशीचा हंगाम लिहावा. नंतर मुदतवाढ मागणे अवघड जाते, आधी मागितलेली सहसा मिळते. दुसरा उपाय कमी लोकांना सुचतो. हंगाम हुकला तरी पतंग संपत नाहीत. जिनिंगच्या आवारात साठवलेल्या कापसातून आणि सरकीतून ते हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत बाहेर पडत राहतात, आणि म्हणूनच जिनिंग परिसरात कामगंध सापळे लावण्याची शिफारस केली जाते. जानेवारी ते मार्च या काळात पहिल्या आवृत्तीची चाचणी तिथे घ्यावी. वीज मिळते, कुंपण असते, आणि धूळ इतकी असते की संवेदकाची खरी परीक्षा तिथेच होते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी राखलेली कपाशी, न ठेवण्याचा सल्ला आपण कास्तकारांना देतो. तेव्हा चाचणीसाठी कोणाला फरदड ठेवायला सांगू नये, हेही लक्षात असू द्यावे.

दोघांतील समझोता लेखी असावा. दोन पाने पुरेत. शोधनिबंधात नावांचा क्रम काय, आराखडा कोणाच्या मालकीचा, विद्यार्थ्याने प्रबंधात काय वापरावे, दोन संस्थांपैकी पैसे कोणाच्या खात्यावर आणि वस्तूंची नोंद कोणाच्या साठा नोंदवहीत, हे त्यात यावे. याच कागदाच्या मागे एक शब्दसूची करावी: ‘कमी तापमान’, ‘अचूक’, ‘एक नोंद’, ‘एक रात्र’ असे वीसेक शब्द आणि त्यांपुढे आकडे. ‘एक रात्र’ म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे लिहिल्याशिवाय दोन माणसांच्या मोजण्या जुळत नाहीत. आठवड्यातून एक दिवस दोघांनीही एकाच जागी काम करावे. ३५ किलोमीटर हे अंतर जास्त नाही, पण ते ठरवून पार केले नाही तर वर्षभर फोनवरच काम चालते.

परवानग्यांबाबत तुमचे काम सोपे आहे, कारण कीटक मोजण्यासाठी नैतिकता समितीची गरज नाही. पण उद्या याच जोडीने सिकलसेलच्या तपासणीचे उपकरण करायला घेतले, आणि विदर्भात तो विषय आज ना उद्या हाती येतोच, तर पहिल्या थेंबभर रक्ताआधी नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता लागेल. तालुक्याच्या महाविद्यालयात अशी समिती नसते. म्हणून सेवाग्रामसारख्या वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरला सुरुवातीपासून सहसंशोधक म्हणून घ्यावे, शेवटी सहीपुरते नव्हे. स्थानिक जैविक संसाधनावर, म्हणजे मोहफुलावर किंवा मातीतून वेगळ्या केलेल्या सूक्ष्मजीवावर काम असेल आणि त्यावर पेटंट घ्यायचे असेल, तर २००२ चा जैवविविधता कायदा आणि त्यातील २०२३ ची दुरुस्ती लागू होते. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपुरातच आहे, तिथे आधी विचारून घ्यावे. पेटंटचा विचार असेल तर परिषदेत भित्तिपत्रक लावण्यापूर्वी तात्पुरता अर्ज दाखल करावा. पूर्ण अर्जासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात.

पुढच्या अनुदानांविषयी विचारले आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘निधी-प्रयास’ योजनेत कल्पनेपासून नमुना यंत्रापर्यंत जाण्यासाठी १० लाखांपर्यंत साह्य मिळते. ‘बायरॅक’ या २०१२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेच्या ‘बिग’ अनुदानात १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतात आणि त्याचे अर्ज १ जानेवारी व १ जुलै असे वर्षातून दोनदा उघडतात. परंतु ते उद्योजक आणि नवउद्योगांसाठी आहे, त्यामुळे तुमच्यापैकी कोणी किंवा तुमच्या विद्यार्थ्यांनी कंपनी काढण्याची तयारी हवी. राष्ट्रीय कृषी विकास योजनेत कृषी नवउद्योगांना कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि बीज टप्प्यावर २५ लाखांपर्यंत तरतूद आहे. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. त्याच्याच साह्याने २०१४ मध्ये आयआयटी मुंबईत वैद्यकीय उपकरणांचे ‘बेटिक’ केंद्र सुरू झाले, ज्याच्याशी नागपूरचे व्हीएनआयटी जोडले गेले, आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातील विज्ञान-तंत्रज्ञान संसाधन केंद्रही आयोगाच्या पाठबळावर उभे राहिले. रकमा आणि अटी बदलत असतात, म्हणून त्या वेळची जाहिरात वाचूनच अर्ज भरावा. या सगळ्या ठिकाणी तुम्हाला एकच गोष्ट विचारली जाईल: आतापर्यंत काय तपासले? २१ रात्री आणि सहा वावरांची नोंदवही असेल तर बोलणे सुरू होते. नुसते छायाचित्र असेल तर होत नाही.

तुमच्या संस्थेच्या प्राचार्यांना हे उत्तर दाखवणार असाल तर त्यांच्यासाठी दोन शब्द. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९९८ मध्ये ‘बायो-एक्स’ हा उपक्रम सुरू केला आणि २००० पासून तिथे वेगवेगळ्या विभागांतील अध्यापकांच्या जोड्यांना दोन वर्षांची बीज अनुदाने दिली जातात. त्यांची रक्कम आपल्या आवाक्यातली नाही, पण त्यातील दोन गोष्टी आपल्याला फुकट घेता येतात: एकाच विभागातील दोघांना ती मिळत नाहीत, आणि मुदत एका वर्षाची नसते. छाननीच्या वेळी दोघांनाही एकत्र बोलवावे आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा भाग समजावून सांगायला लावावे. इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांना डोमकळी (अळीमुळे नीट न उमललेले कपाशीचे फूल) म्हणजे काय हे सांगता आले, आणि बाईंना संवेदकाचा उंबरठा का बदलावा लागतो हे सांगता आले, तर पैसे द्यायला हरकत नाही. रक्कम दोन हप्त्यांत द्यावी आणि दुसरा हप्ता यशावर नव्हे, नोंदी पूर्ण असण्यावर द्यावा.

सापळा चाललाच नाही तर पैसे परत करावे लागतील का, ही भीती तुमच्या पत्रात दोनदा आली आहे. मंजूर शीर्षांवर, नियमाने केलेला खर्च आणि खरे निष्कर्ष असतील तर नकारात्मक उत्तरासाठी पैसे परत मागितले जात नाहीत. अखर्चित रक्कम तेवढी परत करावी लागते. अहवालात पेटी कोणत्या रात्री, कोणत्या संख्येवर आणि कशामुळे चुकली हे तक्त्यात द्यावे, पाऊस आणि ल्यूर बदलल्याच्या तारखा त्याच तक्त्यात घालाव्यात, आणि हातमोजणीची मूळ वही, चिखलाच्या डागांसह, स्कॅन करून जोडावी. त्याची एक प्रत जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राला द्यावी आणि एक त्या सहा कास्तकारांना मराठीत लिहून द्यावी, म्हणजे पुढच्या खरिपात त्यांच्या धुऱ्यावर पुन्हा पेटी लावायची झाली तर कशासाठी लावायची हे त्यांना माहीत असेल.